शिधा आपापला, पंगत एक: क्वांटम संशोधनातील आंतरराष्ट्रीय निधी

क्वांटम संगणकाच्या प्रयोगशाळेत जी सामग्री लागते, तिचा उगम शोधू लागल्यास जगाच्या नकाशावर बरेच फिरावे लागते. अतिसंवाहक मंडलांवर चालणारा क्वांटम संगणक निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एका अंशाच्या शंभराव्या हिश्श्याइतक्या तापमानावर ठेवावा लागतो, आणि इतकी थंडी निर्माण करणारी शीतयंत्रे बनवणाऱ्या आघाडीच्या कंपन्या फिनलंड आणि ब्रिटनमध्ये आहेत. त्या यंत्रांत खेळवला जाणारा हीलियम-३ हा दुर्मीळ वायू मुख्यतः अण्वस्त्रांसाठी साठवलेल्या ट्रिटियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून मिळतो, त्यामुळे त्याचा पुरवठा मोजक्या देशांच्या हाती आहे. सिलिकॉनच्या चकतीवर क्युबिट घडवू पाहणाऱ्यांना सिलिकॉनचे जे अतिशुद्ध समस्थानिक लागते, ते दीर्घकाळ प्रामुख्याने रशियातील अपकेंद्री यंत्रांतून येत असे. एवढे सगळे एकाच देशाने स्वतः उभारायचे ठरवले, तर खर्च किती होईल यापेक्षा त्यात किती दशके जातील, हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो.

इतकी नाजूक सामग्री का लागते, हे समजण्यासाठी या तंत्रज्ञानाचा पाया थोडक्यात पाहिला पाहिजे. अणू, इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण यांच्या पातळीवर निसर्ग ज्या नियमांनी वागतो, त्यांच्या शास्त्राला पुंजयामिकी किंवा क्वांटम यामिकी म्हणतात, आणि त्या नियमांचा थेट वापर करून गणन, संदेशवहन किंवा मापन करणाऱ्या साधनांना एकत्रितपणे क्वांटम तंत्रज्ञान म्हटले जाते. नेहमीच्या संगणकातील माहितीचा सर्वांत लहान घटक, म्हणजे बिट, शून्य किंवा एक यांपैकी एकाच अवस्थेत असतो. क्वांटम संगणकातील क्युबिट मात्र या दोन्ही अवस्थांच्या संयोगात राहू शकतो, ज्याला अध्यारोपण म्हणतात, आणि अनेक क्युबिट एकमेकांशी असे गुंफले जाऊ शकतात की त्यांचे सुटे सुटे वर्णन करताच येत नाही. काही विशिष्ट प्रकारची गणिते आजच्या महासंगणकांच्या आवाक्याबाहेरच्या वेगाने सोडवण्याची आशा या दोन गुणांवर उभी आहे. परंतु बाहेरची किंचित उष्णता, एखादे कंपन किंवा भटकी विद्युतचुंबकीय लहर तेथे पोहोचली, की ही अवस्था क्षणार्धात विस्कटते. ती टिकवून धरायची तर पदार्थविज्ञान, शीततंत्र, लेझर, सूक्ष्म इलेक्ट्रॉनिकी आणि गणित या सर्वांत निष्णात असलेली माणसे एकत्र यावी लागतात, आणि अशी माणसे एका विद्यापीठात तर नाहीतच, बहुतेक वेळा एका देशातही नसतात.

माणसांनी एकत्र येणे त्या मानाने सोपे आहे. परस्परगुंफणीवरील प्रयोगांसाठी २०२२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फ्रान्सचे अलँ आस्पे, अमेरिकेचे जॉन क्लाउझर आणि ऑस्ट्रियाचे आंतोन झायलिंगर यांना विभागून मिळाले. तिघांनी वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या दशकांत, एकमेकांचे निष्कर्ष पुढे नेत काम केले. खरी अडचण पैशाची असते. संशोधनाचा सार्वजनिक निधी करदात्यांचा असल्यामुळे बहुतेक देशांचे कायदे आणि लेखापरीक्षणाचे नियम तो परक्या देशातील प्रयोगशाळेवर खर्च करू देत नाहीत. प्रत्येक देशाचे आर्थिक वर्ष निराळे, प्रस्ताव तपासण्याची पद्धत निराळी, वेतनश्रेणी निराळी. दोन देशांच्या मंत्र्यांनी सहकार्याच्या करारावर सह्या केल्या, तरी दोन्हीकडचे शास्त्रज्ञ आपापल्या सरकारकडे स्वतंत्र अर्ज करतात, एकाचा मंजूर होतो, दुसऱ्याचा फेटाळला जातो, आणि संयुक्त प्रकल्प सुरू होण्याआधीच संपतो. आंतरराष्ट्रीय सहकार्याची खरी कसोटी म्हणूनच घोषणापत्राच्या भाषेत न होता निधीच्या नियमावलीत होते, आणि या नियमावलीचा सर्वाधिक अनुभव आज युरोपकडे आहे.

मे २०१६ मध्ये ॲमस्टरडॅम येथे युरोपीय शास्त्रज्ञांनी आणि उद्योजकांनी एक जाहीरनामा युरोपीय आयोगापुढे ठेवला. ३,४०० हून अधिक जणांचा पाठिंबा लाभलेल्या या जाहीरनाम्याची मागणी अशी होती, की क्वांटम भौतिकीचे मूलभूत संशोधन युरोपात झाले असले तरी त्याचे रूपांतर यंत्रांत आणि उद्योगांत करण्यासाठी १ अब्ज युरोंचा दीर्घ मुदतीचा कार्यक्रम हवा. त्यातून ‘क्वांटम फ्लॅगशिप’ हा दहा वर्षांचा कार्यक्रम ऑक्टोबर २०१८ मध्ये व्हिएन्ना येथे सुरू झाला. पहिल्या टप्प्यासाठी आलेल्या सुमारे १४० प्रस्तावांतून २० प्रकल्प निवडले गेले आणि त्यांना तीन वर्षांसाठी १३.२ कोटी युरो मिळाले. या कार्यक्रमात पैसा एका मध्यवर्ती तिजोरीतून, म्हणजे युरोपीय संघाच्या अर्थसंकल्पातून येतो. सदस्य देशांनी आधीच एकत्र केलेल्या रकमेतून सर्वोत्तम प्रस्तावांना निधी दिला जातो आणि त्यात कोणत्या देशाच्या वाट्याला किती आले, याचा हिशेब निवडीच्या वेळी केला जात नाही. गुणवत्तेच्या दृष्टीने ही उत्तम व्यवस्था आहे, पण तिच्यामागे अनेक दशकांच्या राजकीय एकीकरणाची पुण्याई आहे. असा संघ नसलेल्या देशांना ती उचलून वापरता येत नाही.

इतर देशांनी अधिक लक्षपूर्वक पाहावे असे प्रारूप त्याच्या शेजारीच, फारसा गाजावाजा न होता उभे राहिले आहे. ‘क्वांटएरा’ हे त्याचे नाव. वेगवेगळ्या देशांत विज्ञानाला अनुदान देणाऱ्या संस्थांचे हे जाळे असून त्याचा समन्वय पोलंडच्या क्राकूव शहरातील राष्ट्रीय विज्ञान केंद्राकडे आहे. जर्मनी किंवा फ्रान्ससारख्या बलाढ्य देशाकडे सूत्रे न जाता ती पोलंडकडे गेली, ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही, कारण विज्ञानाच्या नकाशावर कडेला राहिलेल्या देशांना अशा जाळ्यात केवळ पाहुणे म्हणून न राहता यजमानपद घेता येते, हे त्यातून दिसून आले. युरोपीय संघाचे बहुतेक सदस्य देश तर या जाळ्यात आहेतच, शिवाय तुर्कस्तान, इस्रायल आणि स्वित्झर्लंड हे संघाबाहेरचे देशही त्यात सहभागी झाले आहेत.

या जाळ्याची कार्यपद्धती अशी आहे. सर्व संस्था मिळून एकच आवाहन प्रसिद्ध करतात, म्हणजे ठरावीक विषयांवर प्रस्ताव मागवतात. प्रस्ताव देणाऱ्या संघात किमान तीन वेगवेगळ्या सहभागी देशांतील गट असावे लागतात. आलेले प्रस्ताव आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची एकच समिती आधी संक्षिप्त आणि नंतर सविस्तर अशा दोन फेऱ्यांत तपासते आणि गुणानुक्रमे एकच यादी तयार करते. यादी ठरली, की निवडलेल्या प्रकल्पातील स्पॅनिश गटाला स्पेनची संस्था पैसे देते, फिनिश गटाला फिनलंडची, तुर्की गटाला तुर्कस्तानची. कोणत्याही देशाचा पैसा सीमा ओलांडत नाही, तरी प्रकल्प सामाईक असतो आणि निवडही सामाईक असते. गावजेवणाला प्रत्येक घराने आपापला शिधा आणावा, पण पंगत मात्र एकच बसावी, तशी ही रचना आहे. प्रशासकीय परिभाषेत तिला आभासी सामाईक निधी म्हणतात. अनुदानाचा नियम कोणाला मोडावा लागत नाही, आणि एका बाजूचा अर्ज मंजूर होऊन दुसऱ्या बाजूचा फेटाळला जाण्याचा धोका बराचसा टळतो, कारण परीक्षण दोनदा होतच नाही. २०१७ आणि २०१९ या दोन आवाहनांतून या पद्धतीने ३८ प्रकल्पांना सुमारे ४.५ कोटी युरो मिळाले.

हे प्रारूप निर्दोष मात्र नाही. समजा, गुणानुक्रमे चौथ्या क्रमांकाच्या प्रस्तावात अशा एका देशाचा गट आहे, ज्याने फक्त दोन गटांपुरतीच तरतूद केली होती आणि ती वरच्या प्रस्तावांत संपून गेली. मग चौथा प्रस्ताव उत्कृष्ट असूनही अडतो आणि कमी गुणांचा दहावा प्रस्ताव, केवळ त्यातील देशांकडे पैसे शिल्लक आहेत म्हणून, मंजूर होऊ शकतो. गुणवत्तेची यादी आणि तिजोऱ्यांची स्थिती यांतला हा विसंवाद मिटवण्यासाठी युरोपीय आयोग वरून पूरक रक्कम घालतो, आणि ती रक्कम अडलेल्या प्रस्तावांची भोके बुजवण्यासाठी वापरली जाते. सर्वसामान्य वाचकाला हा तपशील रूक्ष वाटू शकेल, परंतु सारी व्यवस्था याच पूरक रकमेवर तग धरून आहे. आपापला खर्च आपण करावा हे तत्त्व कितीही सोयीचे असले, तरी थोडासा खरोखरच सामाईक पैसा मध्ये असल्याखेरीज ते चालत नाही.

आपापल्या खर्चाने सामाईक काम कसे होऊ शकते, याचे याहून ठळक उदाहरण चीन आणि ऑस्ट्रिया यांच्यात घडले. व्हिएन्नात झायलिंगर यांच्याकडे डॉक्टरेट केलेले पान ज्यानवेई मायदेशी परतले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली चीनने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘मिशिअस’ हा क्वांटम संदेशवहनाचा पहिला उपग्रह सोडला. एकेकट्या प्रकाशकणांच्या साह्याने दोन ठिकाणी सारखीच गुप्त किल्ली पोहोचवणे हे त्याचे मुख्य काम होते. वाटेत कोणी त्या कणांचे मापन केले तर त्यांची अवस्था बदलते आणि चोरी उघड होते, हा या किल्लीचा विशेष. उपग्रहाचा खर्च चीनने केला, युरोपातील भूस्थानकाची बाजू ऑस्ट्रियाच्या विज्ञान अकादमीने सांभाळली, आणि २९ सप्टेंबर २०१७ रोजी बीजिंग आणि व्हिएन्ना येथील, दोन्ही देशांच्या विज्ञान अकादमींच्या अध्यक्षांमध्ये अशा किल्लीने सुरक्षित केलेले दृक्‌संभाषण झाले. गुरू आणि शिष्य यांच्यातील विश्वासामुळे दोन सरकारांचा पैसा एका प्रयोगात उतरू शकला. तसाच प्रयोग आज पुन्हा करायचा म्हटले, तर त्याला दोन्ही बाजूंनी परवानगी मिळेल अशी खात्री कोणी देऊ शकणार नाही.

कारण गेल्या काही वर्षांत दारे मिटू लागली आहेत. मे २०२१ मध्ये स्वित्झर्लंड आणि युरोपीय संघ यांच्यातील व्यापक राजकीय कराराची बोलणी फिसकटली, आणि त्याचा फटका ज्यांचा या बोलण्यांशी काडीचाही संबंध नव्हता अशा स्विस शास्त्रज्ञांना बसला. संघाच्या ‘होरायझन युरोप’ या संशोधन कार्यक्रमातील त्यांचे पूर्ण सहभागित्व त्या वेळी गेले. फ्लॅगशिपच्या पहिल्या वीस प्रकल्पांपैकी काहींचे नेतृत्वच स्विस संस्थांकडे होते, हे लक्षात घेतले म्हणजे नुकसान कोणाचे झाले ते कळते. गुप्त किल्लीच्या तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या जिनिव्हाच्या ‘आयडी क्वांटिक’ या कंपनीने नंतर व्हिएन्नात आपले केंद्र उघडले, आणि स्विस सरकारला स्वतंत्र क्वांटम कार्यक्रम आखावा लागला. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनची स्थितीही १ जानेवारी २०२४ रोजी पुन्हा सहभागी होईपर्यंत अशीच अधांतरी होती. मध्यवर्ती तिजोरीचे दार असे एका राजकीय निर्णयाने बंद होत असताना क्वांटएराच्या जाळ्यात मात्र स्विस अनुदान संस्था आपल्या गटांचा खर्च स्वतः करीत राहू शकली. आपापल्या शिध्याच्या पद्धतीचा हा गुण संकटातच दिसून आला.

दुसरे दार सुरक्षेच्या कारणाने मिटत आहे. पुरेसा मोठा आणि चुका दुरुस्त करू शकणारा क्वांटम संगणक बनला, तर बँकांपासून लष्करापर्यंत आज सर्वत्र वापरली जाणारी सांकेतिक कुलपे उघडता येतील, हे गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिले होते. त्यामुळे या क्षेत्राकडे केवळ विज्ञान म्हणून पाहणे सरकारांना शक्य नाही. २०२४ पर्यंत ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, नेदरलँड्स आणि कॅनडा यांनी ३४ किंवा अधिक क्युबिटांच्या आणि ठरावीक मर्यादेहून कमी चुका करणाऱ्या क्वांटम संगणकांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले. अमेरिकेनेही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तसेच नियम केले आणि मे महिन्यात अनेक चिनी क्वांटम संस्थांना निर्बंधांच्या यादीत टाकले. या चिंतेत तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. तथापि अजून चुकांनी ग्रासलेल्या, उपयोगाच्या दृष्टीने बाल्यावस्थेतील यंत्रांवर अशी बंधने आली, की त्यांचा पहिला भार प्रतिस्पर्धी महासत्तेवर न पडता मधल्या देशांतील विद्यापीठांवर पडतो, कारण महासत्ता पर्यायी साखळी उभारू शकते, विद्यापीठे उभारू शकत नाहीत.

ज्यांच्याकडे पंगतीत आणायला शिधाच नाही, त्या देशांचा विचार या साऱ्यात फार थोडा झाला आहे. २०२५ हे आंतरराष्ट्रीय क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञान वर्ष म्हणून संयुक्त राष्ट्रांनी घोषित केले, त्यासाठीचा ठराव घानाने मांडला होता. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत २०२४ पासून चालू असलेली ‘ओपन क्वांटम इन्स्टिट्यूट’ही क्वांटम संगणकांचा वापर सर्व देशांना करता यावा यासाठी झटत आहे. परंतु ती तीन वर्षांचा प्रायोगिक उपक्रम म्हणून आणि मुख्यतः एका स्विस बँकेच्या साह्याने उभी राहिली, यातच सरकारांची उदासीनता दिसते.

भारताची स्थिती या दोन टोकांच्या मधली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतच्या या मिशनसाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद असून त्याची चार केंद्रे बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मद्रास, मुंबई व दिल्ली येथील आयआयटी यांच्याकडे आहेत. त्यांपैकी क्वांटम संवेदन आणि मापन हा विषय मुंबईच्या आयआयटीकडे आला आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि डीआरडीओची पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा यांनी टीसीएसच्या सहभागाने सहा क्युबिटांच्या प्रक्रियकाची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण केली. शिधा आणण्याची ऐपत आणि रांधण्याचे कौशल्य, दोन्ही या देशात आहेत.

पंगतीचा मात्र पत्ता नाही. फिनलंडसोबत क्वांटम संगणनाचे आभासी जाळे उभारण्याची घोषणा एप्रिल २०२२ मध्ये झाली आणि भारताच्या बाजूने आयआयटी मद्रास, पुण्याची आयसर आणि पुण्याचीच सी-डॅक या संस्था निश्चित झाल्या. अमेरिकेसोबत जून २०२३ मध्ये क्वांटम समन्वयाची संयुक्त यंत्रणा जाहीर झाली. पण त्या वेळी संयुक्त प्रकल्पांसाठी दोन्ही देशांच्या सामाईक निधीतून जाहीर झालेली रक्कम २० लाख डॉलर होती आणि तीही क्वांटम व कृत्रिम बुद्धिमत्ता या दोन्ही क्षेत्रांसाठी मिळून. सहा हजार कोटींच्या मिशनसमोर सोळा-सतरा कोटी रुपयांची ही रक्कम ठेवली, म्हणजे घोषणा आणि तिजोरी यांतले अंतर समजते.

याहून भक्कम सहकार्य कसे असते, हे पाहण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. ते मराठवाड्यात आकार घेत आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा परिसरात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी जमीन, इमारती, चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या निर्वात नळ्या आणि मनुष्यबळ भारताचे, तर मुख्य उपकरणे आणि त्यांचा आराखडा अमेरिकेचा, अशी वाटणी आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ही वेधशाळा क्वांटम तंत्रज्ञानापासून दूरची वाटली तरी तशी नाही. अमेरिकेतील लायगो यंत्रांत २०१९ पासून संकुचित प्रकाश वापरला जातो, म्हणजे प्रकाशातील अटळ क्वांटम अनिश्चितता एका गुणधर्मातून दाबून दुसऱ्या गुणधर्माकडे ढकलली जाते आणि मापन अधिक सूक्ष्म होते. हे तंत्र हिंगोलीत नांदेल तेव्हा ते जगातील सर्वांत प्रगत क्वांटम मापनांपैकी एक असेल, आणि मुंबईच्या केंद्राला त्याचा थेट लाभ घेता येईल. येथे कोणी कोणाला पैसे पाठवले नाहीत. प्रत्येकाने काय आणायचे ते लेखी ठरले, आणि त्यामागे संसदेने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पाचे बळ आहे.

राष्ट्रीय क्वांटम मिशनची मुदत २०३०-३१ पर्यंत आहे. मिशनच्या तरतुदीतील एक ठरावीक हिस्सा, तो लहान असला तरी दरवर्षी नेमाने मिळणारा, संयुक्त आवाहनांसाठी राखून ठेवावा. फिनलंड, जपान, फ्रान्स किंवा ऑस्ट्रेलिया यांच्यापैकी जे तयार असतील अशा किमान दोन देशांसह एकच परीक्षण समिती आणि एकच गुणवत्ता यादी मान्य करावी. आणि अडलेल्या प्रस्तावांसाठी थोडी पूरक रक्कम आरंभीच बाजूला काढावी. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि भारताचा रुपया देशाबाहेरही जात नाही. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने हा निर्णय मिशनची उरलेली वर्षे संपण्याआधी घ्यावा, आणि विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनी तो घेतला जाईपर्यंत मागत राहावे.